पर्सवालीचं रडणं

रडणं ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण आमच्या ग्रुपवर कुणालाही विचारा. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर माणसं माझ्यासमोर येऊन रडतात. कुणाच्या घरी खरंच चार दिवस पाणी आलेलं नसतं, कुणाला नुसतं बिल कमी करून हवं असतं. इतक्या वर्षांत समोरच्याच्या डोळ्यांतल्या पाण्याला दाब किती आहे हे मला लांबूनच कळायला लागलंय. ऑफिसात या विद्येचा काही उपयोग नाही, कारण तक्रार खरी असली तरी खोटी असली तरी मी तिच्यावर एकच शिक्का मारते. घरात आमचे हे माझं बोलणं ऐकतात पण त्यांच्या डोक्यात काही जात नाही, आणि सासूबाईंना ऐकूच येत नाही. तेव्हा माझ्या मताला किंमत असलेली जगात एकच जागा होती, ती म्हणजे आमचा ग्रुप.

ग्रुपचं नाव ‘बिचाऱ्याच्या पाठीशी’. आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन इमारतींतल्या बायका. रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेच्या आम्ही चाहत्या. बिचारा म्हणजे तिच्यातला नायक. त्याची नोकरी जाते आणि तो सहा महिने घरी सांगत नाही. डबा घेऊन बागेत जाऊन बसतो. मग बायकोची गाडी तिला न विचारता विकून टाकतो. आमचं सगळ्यांचं काळीज तुटायचं. किती सोसतो हो हा माणूस, आणि तोंडातून ब्र नाही!

त्याच्या बायकोला आम्ही पर्सवाली म्हणायचो. ती छपाईचं दुकान चालवायची, उशिरा घरी यायची आणि घरात आल्यावरही खांद्यावरची पर्स काढायची नाही. एकदा तर पर्स अडकवूनच तिने भाजी परतली. तिने एकदा नवऱ्याचा फोन उचलला नाही, त्यावर आमच्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालली. नटी वेगळी आणि तिची भूमिका वेगळी, असला पोक्त भेद आम्ही मानत नव्हतो. ती नटी कुठल्याशा मुलाखतीत मनापासून हसली, तर आमच्या शिवणवालीने लगेच लिहिलं, “घरात एवढा तमाशा चाललाय आणि ही दात काढते!” त्यावर आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, “दातही काही धड नाहीत. वरची रांग पुढे आहे.”

दर शनिवारी आम्ही गुण द्यायचो. शिवणवाली खांदे, बाह्या आणि कपडे बघायची. डॉक्टरीणबाई जबडा. ग्रुपच्या प्रमुख, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, उच्चार आणि शिस्त. रडणं माझ्याकडे. दहापैकी तीनच्या वर मी पर्सवालीला कधी दिले नाहीत. तिच्या रडण्याला मी ‘गळका नळ’ असं नाव दिलं होतं, म्हणजे धड उघडा नाही, धड बंद नाही. हा शब्द इतका गाजला की शेजारच्या इमारतीतल्या बायका मला जिन्यात थांबवून दाद द्यायच्या. बिचाऱ्याला मात्र आम्ही नुसतं खिडकीपाशी उभं राहण्याचे आठ द्यायचो.

आणि एके दिवशी पर्सवाली घर सोडून गेली. रडली, “मला जायला हवं” म्हणाली, पर्स उचलली आणि गेली. ग्रुपवर नुसता आगडोंब. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आपण वाहिनीकडे लेखी निषेध नोंदवू. तिथेच गप्प बसले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण तक्रारींचं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी लिहून गेले, “निषेध कशाला? तो भाग कसा व्हायला हवा होता ते आपणच करून दाखवू. वीस मिनिटांचं छोटंसं काहीतरी. आपल्याच हॉलमध्ये, आपल्याआपल्यात.”

छोटंसं आणि आपल्याआपल्यात, हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा.

हॉलसाठी मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी नियमांची फाईल काढली. हॉल फक्त वाढदिवस, शोकसभा आणि वार्षिक सर्वसाधारण सभा या तीन कारणांसाठी मिळतो.

“नाटकात शेवटी कुणी मरतं का?” त्यांनी विचारलं. “म्हणजे मग शोकसभेत बसवता येईल.”

“कुणी मरत नाही. ती परत येते आणि माफी मागते.”

“मग अवघड आहे,” ते म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी त्यांनीच वाट काढली. वार्षिक सभा तोंडावर आली होती. तिच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ असं एक कलम असतं, त्यात आमचं नाटक घालायचं. मला हायसं वाटलं. पण दर वर्षी सभेला गणसंख्या भरत नाही म्हणून हवालदिल झालेल्या त्या माणसाने लिफ्टमध्ये सूचना लावली: ‘सभेनंतर कौटुंबिक नाटक. सर्वांनी सहकुटुंब यावे.’ आपल्याआपल्यात म्हणता म्हणता अख्खी इमारत गोळा होणार होती.

लिखाण मीच केलं. पर्सवाली परत येते, दारात रडते, “चूक माझीच होती” म्हणते. बिचारा म्हणतो, “झालं गेलं विसरून जा.” पडदा. प्रश्न होता पर्सवाली कोण होणार हा. नणंद व्हायला चौघी तयार, सासू व्हायला तर भांडण. पर्सवालीचं नाव काढलं की सगळ्या आपापल्या फोनमध्ये बघायच्या. मग चिठ्ठ्या टाकायचं ठरलं आणि चिठ्ठ्या करायचं काम माझ्याकडे आलं. आता खोटं कशाला बोलू, पर्सवालीची चिठ्ठी मी जरा वेगळी दुमडली. एक कोपरा आत. म्हणजे माझा हात तिच्यावर पडायला नको.

मुख्याध्यापिकाबाईंच्या मांडीवर नेहमीची ती मोठी काळी पर्स होती. तिच्यावर वाटी ठेवून त्या म्हणाल्या, “जिने चिठ्ठ्या केल्या तिने शेवटी उचलायची. शाळेत असंच करतात.” एकेकजण पुढे आली. वाटीत बघायची, क्षणभर थांबायची आणि बरोबर दुसरी चिठ्ठी उचलायची. दुसऱ्या बाईची पाव इंच वाकडी शिवण टीव्हीवर ओळखणाऱ्या बायका त्या! दुमडलेला कोपरा त्यांच्या नजरेतून सुटतोय कसला? माझी पाळी आली तेव्हा वाटीत ती एकटीच होती, कोपरा आत घेऊन बसलेली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पाठांतराची भीती नव्हती, लिहिलं मीच होतं. भीती होती ती त्या नजरेची. ती नजर कुठे कुठे जाते हे मला पाठ होतं, कारण तिला वळण लावण्यात माझाही हात होता. आरशासमोर उभी राहिले की मला शिवणवाली दिसायची: उजवा खांदा उतरलाय. तोंड उघडलं की डॉक्टरीणबाई. आणि रडायला लागले की मी स्वतःच समोर येऊन उभी राहायचे, हातात गुणांचा कागद घेऊन.

कारण रडणं येईना. इतकी वर्षं दुसऱ्याचं रडणं तोलणाऱ्या बाईला स्वतःला रडता येईना! न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. नुसतं हुं हुं असा आवाज यायचा आणि डोळे कोरडे ठणठणीत. हा आवाज भिंतीपलीकडे समोरच्या काकूंना ऐकू गेला. तिसऱ्या दिवशी त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “हे बघ, भांड्याला भांडं लागतंच. पण बाईने जरा पडतं घ्यावं.”

“काकू, मी नाटकाची तालीम करतेय.”

“मीही बहिणीला असलीच कारणं सांगायचे,” काकू म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. संध्याकाळपर्यंत ‘हे’ जिन्यातून जाताना दोन जणांनी त्यांना सहानुभूती दाखवली. मला एकानेही नाही.

मग मी ऑफिसात खिडकीवर सराव सुरू केला, तोंड खाली घालून. एक गृहस्थ पाइप फुटल्याची तक्रार घेऊन आले होते. माझे खांदे हलताना बघून ते घाबरले. “राहू द्या बाई,” ते म्हणाले, “आमचं काय, बादल्या भरून आहेत. तुम्ही सांभाळा स्वतःला.” माझ्या सगळ्या नोकरीत तक्रार मागे घेणारा तो पहिला ग्राहक. साहेबांनी माझ्या कार्यक्षमतेची नोंद घेतली, तेवढाच काय तो फायदा.

बिचाऱ्याच्या भूमिकेला पुरुष हवा होता. इमारतीतल्या एकूण एक पुरुषांना सभेच्या दिवशी नेमकी कामं निघाली, म्हणून ‘हे’ उभे राहिले. यांनी मालिकेचा एकही भाग बघितलेला नाही; ती लागली की हे पेपर तोंडावर घेऊन झोपतात. तालमीत यांनी एकही वाक्य धड म्हटलं नाही. कागद बघायचे, चष्मा शोधायचे, चष्मा सापडला की कागद हरवायचे. बायका हरखून गेल्या. “किती नैसर्गिक!” शिवणवाली म्हणाली. “चेहऱ्यावरच सोसणं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता यांच्या चेहऱ्यावर होतं ते पित्त, पण सांगणार कुणाला?

रंगीत तालमीची चित्रफीत कुणीतरी ग्रुपवर टाकली. मी ती ऑफिसात डबा खाताना उघडली आणि खाली प्रतिक्रिया वाचल्या. ‘पर्सवालीचा खांदा बघा.’ ‘दंड जरा झाकायला हवे होते.’ ‘तोंड किती उघडते!’ आणि मग एकीने लिहिलं होतं, ‘गळका नळ.’ त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. ग्रुपवर मी आहे हे त्या विसरल्या नव्हत्या; त्यांच्या लेखी त्या चित्रफितीत मी नव्हतेच, पर्सवाली होती. माझाच शब्द होता, आणि बसलाही होता अगदी चपखल. उद्या साऱ्या इमारतीसमोर हेच झालं तर ग्रुपवर पुन्हा कुठल्या तोंडाने गुण देणार होते मी? आणि गुण द्यायचे नसतील तर मग मी नक्की कोण, असा एक विचार मनात येऊन गेला. तो मी डब्याबरोबर बंद केला.

सभेच्या दिवशी हॉल खचाखच भरला. सेक्रेटरींच्या डोळ्यांत गणसंख्येच्या आनंदाने पाणी आलं होतं. खरं रडणं, दहापैकी नऊ. जमाखर्च, गच्चीची गळती, वाहनतळ, सगळं धडाधड मंजूर झालं, कारण लोकांना नाटक बघायचं होतं. पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी मुख्याध्यापिकाबाई, मांडीवर पर्स.

मी दारातून आत आले. खांद्यावर पर्स होती, तिचा पट्टा मी दोन्ही हातांनी धरला होता. हात कुठे ठेवायचे हेच कळत नव्हतं. खिडकीपाशी ‘हे’ उभे. टाळ्या. नुसतं उभं राहण्याच्या टाळ्या. मी रडायला लागले: हुं, हुं. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मी घाईघाईने वाक्य म्हटलं, “चूक माझीच होती.”

आता यांनी म्हणायचं, झालं गेलं विसरून जा. यांनी खिशात हात घातला. कागद नव्हता. दुसऱ्या खिशात चष्मा होता, त्याचा काही उपयोग नव्हता. मी डोळ्यांनी खुणावत होते. शेवटी या माणसाने, अगदी मनापासून, घरात विचारावं तसं विचारलं, “कसली चूक?”

माझ्या लिखाणात याचं उत्तर नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं. आम्हां कुणाला ते लिहायची गरजच वाटली नव्हती. मी आठवायला लागले. “मी... फोन उचलला नाही,” मी म्हटलं.

“बरं. अजून?”

“उशिरा यायचे.”

“कुठून?”

“दुकानातून. काम करून.”

“एवढंच?” हे म्हणाले. हॉलमध्ये हशा झाला. हे गोंधळले. यांना खरोखरच गोष्ट माहीत नव्हती, आणि गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही हा यांचा जन्माचा स्वभाव. “आणि मी काय केलं?”

“तुम्ही नोकरी गेलेली सांगितली नाहीत. सहा महिने. आणि माझी गाडी विकलीत.”

“तुला न विचारता?”

“न विचारता.”

“अरेरे,” हे म्हणाले. “मग माफी तू कशाला मागतेस?”

मी हॉलकडे बघितलं. डॉक्टरीणबाई, शिवणवाली, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि पहिल्यांदाच कुणी खांद्याकडे किंवा दातांकडे बघत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. ऐकू येत नसल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. त्यांना एक शब्द कळलेला नव्हता, त्या नुसता माझा चेहरा बघत होत्या.

“जाऊ दे रे तिला! कधीची दारात उभी आहे बिचारी!”

बिचारी. हा शब्द आमच्या ग्रुपवर पर्सवालीसाठी कुणी कधीच वापरला नव्हता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दाब वगैरे मोजायला सवड नव्हती. मी पर्स सावरली आणि निघून गेले. गेले तेही चुकीच्या बाजूने, म्हणजे जिथे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या तिथे, आणि लोक घरी जाईपर्यंत खुर्च्यांमागे बसून रडत राहिले.

ग्रुपवर रात्रीच निकाल लागला होता. बिचाऱ्याला दहापैकी दहा. ‘बायकोची बाजू समजून घेणारा असा नवरा मिळायला भाग्य लागतं!’ पर्सवालीला सगळं मिळून चार. ‘ठरलेला शेवट बदलला. आगाऊपणा.’ रडण्याचा रकाना रिकामा होता, कारण ते गुण मी द्यायचे होते. मी फोन उलटा करून ठेवला. यांना मात्र दुसऱ्या दिवशी कुणीतरी घरी खीर आणून दिली.

पुढच्या आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत तोंड वासून बसणं जिवावर आलं होतं, पण दाढेपुढे कुणाचं चालतं? डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात आरसा, नळी आणि दोन बोटं घातली, मदतनीस बाहेर गेली आहे याची खात्री केली आणि हळूच म्हणाल्या, “मला तिचं जाणं पटलं होतं. मालिकेतलंही. ग्रुपवर बोलू नका हं.” मी काय बोलणार होते? मी आ केला.

शिवणवालीकडे बाही सैल करायला गेले, तर ती तोंडात टाचण्या धरून म्हणाली, “खांदा चांगलाय तुमचा. मी उगाच लिहिलं. सगळ्या लिहितात, मग आपण नाही लिहिलं तर आपल्याचकडे बघतात.” आणि टाचण्या काढून म्हणाली, “पण हे आपल्यात.” समोरच्या काकूंनी तर जिन्यात मला थांबवून, इकडेतिकडे बघून, नुसता माझा हात दाबला.

माझी काळजी कमी होण्याऐवजी वाढली. आधी मला वाटायचं, सगळ्या एकीकडे आणि पर्सवाली एकटी. आता कळलं की ग्रुपवर सगळ्याच एकेकट्या आहेत, आणि हे मला एकटीला माहीत आहे. असलं गुपित पोटात घेऊन माणसाने शनिवार कसा काढायचा?

शनिवारी सकाळी फाटकापाशी मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. मी नजर चुकवून निघाले होते, पण त्यांनी शाळेतल्या आवाजात हाक मारली.

“तुमचे रडण्याचे गुण आले नाहीत अजून. रकाना रिकामा ठेवायचा नसतो.”

“बाई, स्वतःला गुण कसे देऊ?”

“मग मी देते. थांबा, पेन काढते.” त्यांनी ती मोठी काळी पर्स फाटकाच्या कठड्यावर ठेवली आणि उघडली. पेन तळाशी गेलं होतं. ते शोधताना त्यांनी वरच्या वस्तू बाहेर काढून माझ्या हातात दिल्या: कपड्यांचा घडी घातलेला एक जोड, टॉवेल, दात घासायचा ब्रश, साबणाची डबी. मी सगळं हातात घेऊन उभी. कुठे निघालात, असं विचारणार होते, पण त्यांच्या पायात घरातल्या चपला होत्या. टॉवेलाच्या घड्या इतक्या जुन्या होत्या की त्या रेघांवर कापड विरलं होतं.

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“सवय झाली,” त्या म्हणाल्या. “लग्नाचं दुसरं वर्ष होतं तेव्हापासून. आता तर हे जाऊनही किती वर्षं झाली. पण भरलेली असली की बरं वाटतं.”

त्यांनी एकेक वस्तू माझ्या हातातून घेतली, होती तशी आत ठेवली आणि पर्सची चेन ओढली. पेन मिळालंच नाही.

“रडणं चांगलं होतं तुमचं,” त्या निघताना म्हणाल्या. “ग्रुपवर मात्र मी तीनच लिहिणार आहे.”